राखाडी रंगाखालचं लाकूड

ता. १९ मार्च, बुधवार

चि. धाकट्यास,

तुझं पत्र पोचलं. तुझी वहिनी जेवते, कपडे धुते, बोलत नाही. मी कारखान्यात जातो. काल दोन खुर्च्यांचे पाय बसवले.

तू लिहितोस, ‘दादा, झालं गेलं, आता घरातली गोष्ट घरात राहू दे.’ चौकशीत ठरत आलंय की जहाजावरच्या जेवणघराचं लोखंडी दार उघडं राहिलं म्हणून आग पसरली आणि जहाज बुडालं. दारावर पहारा माझ्या मुलाचा होता. म्हणजे बेचाळीस माणसं, त्यात तो स्वतःही, त्याच्या गाफीलपणामुळे गेली. तू गोदीचा मुकादम, तिथे बसून ऐकलंस आणि गप्प राहिलास.

परवा जहाजावरचा आचारी येऊन गेला. दोन्ही हातांना पट्ट्या. तुझ्या वहिनीनं त्याला चमच्यानं चहा पाजला. म्हणाला, “काका, सात महिने आम्ही मालाच्या जहाजांची राखण केली, एकदाही तो पहाऱ्यावरून हलला नाही. दार बंदच होतं. गोळा पडला आणि भिंतच पेटली हो! लोखंडाची भिंत कधी पेटते का?”

मी नुसता “नाही” म्हणालो.

का पेटली ते तुला ठाऊक आहे. व्यापारी जहाज लढाईसाठी घेतलं तेव्हा हुकूम होता, आग धरेल असं आतलं सगळं लाकूड उपटा. तू मला जेवणघरात नेलंस. “दादा, या सागवानी फळ्या तू बसवल्यास. उपटायला हात धजतो का तुझा? लढाई संपली की मालक पुन्हा मागतील. वरून राखाडी रंग फास, कोण बघतंय!” तपासनीसाला तू गप्पांत गुंतवून दारातूनच परत नेलंस. वर मला कोपरखळी मारलीस, “बघ, वाचवली की नाही तुझी कारागिरी?”

मी हसलो होतो. रंग मीच फासला, वार्निशाच्या सात हातांवर रंगाचे दोन हात. महिन्याभरानं मुलाला त्याच जहाजावर नेमलं, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. तुझी नोकरी जाईल, माझी अब्रू जाईल म्हणून.

दादा बोलला तर स्वतःच अडकेल, या भरवशावर तू आहेस. तिथे चुकलास. आज सकाळी तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. तिनं उठून धुतलेला सदरा काढून दिला. मी चौकशीच्या कचेरीत जाऊन जबाब लिहून दिला. आधी माझं नाव, मग तुझं. कारकुनानं विचारलं, “सख्खा भाऊ?” म्हटलं, “पाठचा.”

सोमवारी तुला बोलावणं येईल. वकील कर, नाहीतर आजारी पड. खोटं बोललास तर कुठली फळी किती लांब होती ते इंचासकट सांगेन. लहानपणी एका ताटात जेवलो, आता एका बाकावर बसू. मला शिक्षेची भीती उरलेली नाही. चौकशीच्या कागदावरून माझ्या मुलाचं नाव खोडतील, तेव्हा तुझा चेहरा मला जवळून बघायचाय.

आशीर्वाद लिहीत नाही.

तुझ्या पुतण्याचा बाप