वाहून गेलेल्या आत्याचा चहा

ता. ४, सोमवार

सौ. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोन वाक्यांत हमरीतुमरीवर येतो, म्हणून आत्याने मला पत्र लिहायची शिक्षा दिली आहे. ती समोर बसून पानं मोजते आहे.

भूकंपात घराची मागची भिंत उभी चिरली आणि पळताना आत्या पायरीवरून घसरली. पाय प्लास्टरमध्ये आहे, जीभ शाबूत आहे. डोक्यावर छप्पर नको म्हणून अर्धं गाव नदीच्या कोरड्या पात्रात तंबू ठोकून राहतंय. आपण जिथे मॅच खेळायचो आणि मी कॉमेंट्री करायचो, तिथेच. आपला तंबू बरोबर पिचवर आहे.

जमीन थांबली, पण लोकांची तोंडं थांबेनात. रोज एक नवा इशारा. आधी म्हणे आज रात्री दुसरा धक्का, तोही मोठा. तो आला नाही, तर म्हणे पुढे ढकलला. जणू काही परीक्षाच. आता म्हणतात धरणाला तडा गेलाय आणि सरकार लपवतंय. धरणावर पाणी मोजणारी ती (हसू नकोस) रोज दोनदा भिंत बघून येते आणि पुलाच्या तोंडाशी फळ्यावर लिहिते की भिंत ठीक आहे. काल कुणीतरी फळा पुसला. मी दोघांची कॉलर धरली. तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली की मारामारी करून कुणाला काही पटत नसतं, आणि कॉलेज अर्धं, नोकऱ्या अर्ध्या, आयुष्यात सुरू केलेलं एक तरी काम पुरं करून दाखव. ताई, मला रात्रभर झोप नाही. भूकंपाने गेली नव्हती तेवढी गेली.

आत्या म्हणते, पानं पुरेत. जावईबापूंना नमस्कार.

माया असू दे, फोन मात्र नको.
तुझा भडकू

---

ता. ९, शनिवार

चि. भडकूस,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार.

तुझं पत्र आलं तेव्हा खालची शिंपीणबाई बसली होती, तिला मोठ्याने वाचून दाखवलं. आत्याच्या पायाचं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या प्रेमप्रकरणाचा भाग मी गाळला. माझ्यावर विश्वास ठेवत जा.

पण आता थट्टा पुरे. फोन केला तर आपण भांडू आणि तू हट्टाने तिथेच बसशील, म्हणून लिहिते आहे. धरणाला तडा गेल्याचं इथे सगळीकडे झालंय. ह्यांच्या ऑफिसात तेच, वाण्याकडे तेच, डॉक्टरांच्या दवाखान्यात तेच. तीन ठिकाणी तीन माणसं तेच सांगतात म्हणजे काहीतरी असणारच. ती मुलगी चांगली असेल, पण तिला नोकरी सांभाळायची आहे. तिच्या डोळ्यांत बघत बसलास तर आत्याला गमावून बसशील. मी इथे सगळ्यांना सांगितलंय की तुमची तिकडची माणसं असतील त्यांना कळवा. मिळेल त्या गाडीने आत्याला घेऊन ये. ती नाही म्हणेल. उचलून आण.

जीव तुमच्यात अडकलाय, एवढं ध्यानात ठेव.
तुझी ताई

---

ता. १४, गुरुवार

सौ. ताईस,
विजयी वीराचा सा. न. वि. वि.

आधी आत्या सुखरूप आहे, हे वाच. मग खाली बस.

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे फोन एकदम किणकिणायला लागले. बाहेरगावच्या नातेवाइकांचा निरोप, की धरण फुटतंय, पळा. इथल्या लोकांना वाटलं, आपल्यापासून लपवलंय पण बाहेर सगळ्यांना ठाऊक आहे! पात्र रिकामं झालं. चालता न येणारी आठदहा म्हातारी-आजारी माणसं तेवढी राहिली, आणि आत्या. मी तिला हलवलं नाही, कारण सकाळीच मी धरणावर गेलो होतो आणि पाणी मोजणारीने मला भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत दाखवली होती.

पण पळालेली माणसं घरी थोडीच गेली! ती धरणाच्या ऑफिसवर चालून गेली. म्हणे फुटायच्या आत दरवाजे उघडा, पाणी सोडा, भार कमी करा. ताई, दरवाजे उघडले असते तर ते पाणी थेट आपल्या तंबूवर आलं असतं. नसलेला पूर या शहाण्यांनी स्वतःच्या हाताने आणला असता. दरवाज्यांच्या खोलीपुढे ती आणि एक रखवालदार, बस्स. मी तंबूची पहार उचलून वर धावलो. एकदोन डोकी फुटणारच होती.

तेवढ्यात गर्दीतला एक जण तो निरोप मोठ्याने वाचायला लागला. की नदीपात्रातल्याच एका मुलाने बहिणीला पत्राने कळवलंय, धरणाला तडा गेला, पाणी तंबूत शिरलं, आणि पायाला प्लास्टर असलेली त्याची आत्या पिचवरून वाहून गेली.

पिचवरून! मी जागच्या जागी थांबलो. पहार टाकली. कारण वाहून गेलेल्या आत्याने दहा मिनिटांपूर्वीच माझ्या चहाला गरम पाणी म्हणून नावं ठेवली होती.

उलटा खाली पळालो. ज्यांच्या जाहिराती मी गावभर ओरडत फिरतो त्या आमच्या शेठची भोंग्याची रिक्षा पात्रात आणली, भोंगा वर धरणाकडे वळवला आणि नेहमीच्या सुरात कॉमेंट्री सुरू केली. नमस्कार रसिकहो, पिच कोरडी आहे, माझी चप्पल कोरडी आहे, आणि आता तुमच्याशी बोलणार आहेत आजच वाहून गेलेल्या आमच्या आत्या. आत्याने माईक हिसकावला. म्हणाली की मी वाहून गेले असं सांगणाऱ्याने खाली यावं, चहा ठेवलाय, आणि येताना साखर आणावी, इथे कारट्याने घातलेलीच नाही.

वर आधी एक जण हसला. मग सगळी गर्दी. ताई, त्या हसण्यापुढे आपली पहार काहीच नाही! पाच पाच, दहा दहा करून लोक खाली उतरायला लागले. एकाने खरंच साखर आणली. शेवटचं कुटुंब तंबूत परत येईपर्यंत मी बोलत राहिलो. शेवटी आवाज पार बसला, पण थांबलो नाही.

दिवे लागताना ती खाली आली. तिने माईकवर पाण्याची पातळी वाचली, आणि त्या दिवशी कुणी फळा पुसायला गेलं नाही. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली की हे मात्र पुरं केलंस. माझी दातखीळ बसली, पण आत्याची कशी बसेल? तिने तिथल्या तिथे विचारलं की पोरी, हा तुला पसंत आहे का. माईक चालूच होता! तो बंद नाही हे तिलाही दिसत होतं. तरी ती माईककडे वाकून म्हणाली की पसंत आहे, पण आधी कॉलेज पुरं करू दे. सगळ्या पात्रातून टाळ्या पडल्या.

उद्या कॉलेजात जातोय. प्राचार्यांचे पाय धरीन, कॉलर नाही.

तुझ्या शिंपीणबाईंना माझा खास नमस्कार सांग.

जीव लाव, पत्र मात्र मनातल्या मनात वाच.
तुझा भडकू

---

ता. २०, बुधवार

चि. भडकूस,
लाजलेल्या ताईचे उदंड आशीर्वाद.

तिघांनाही जाऊन विचारलं. ह्यांच्या ऑफिसातल्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं, डॉक्टरांना वाण्याने, वाण्याला शिंपीणबाईने, आणि शिंपीणबाईला मी. रडावं की हसावं कळेना. आत्याला वाहवलं कुणी, ते मात्र कुणीच कबूल करत नाही. प्रत्येक जण म्हणतो, मी फक्त थोडं पाणी वाढवलं.

तुझा विजय वाचून मी स्वयंपाकघरात एकटी नाचले. ह्यांनी पाहिलं. पाहू देत.

आता एक विचारायचं आहे. काल वाणी म्हणाला की माझ्या भावाचं धरणावर लग्न झालं. आज दवाखान्यात कळलं की सुनेला दिवस गेलेत. यावेळी मी कुणाला एक अक्षर सांगितलेलं नाही, तुलाच आधी विचारते आहे. आत्याला माईकपासून लांब ठेव आणि मला खरं काय ते कळव. अंगडं शिवायला टाकू की थांबू?

तुझ्या उत्तरापर्यंत तोंड मिटून बसलेली,
तुझी ताई