परीक्षेतला पाणवठा

विटा, १९७७

प्रिय अण्णा,

परवा तुमची शोकसभा झाली आणि काल मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितले, "बाई, सोमवारपासून चित्रकलेचे तास तुम्ही घ्या. भावाची परंपरा घरातच राहील." ती परंपरा हाती घेण्यापूर्वी तिच्याविषयीचे माझे मत तुम्हाला कळवणे आवश्यक वाटते. तुम्ही हयात असताना ते धाडस झाले नाही. मी धाकटी बहीण, त्यात तुमच्याच शाळेत पहिलीच्या वर्गावर.

सभेत तुमच्या विद्यार्थ्यांची स्मरणचित्रे टांगली होती. भिंतभर एकच पाणवठा: डावीकडे घाट, मध्ये घागरी घेतलेल्या तीन बायका, उजवीकडे वाकलेले नारळाचे झाड. वक्ते म्हणाले, कोणते चित्र कोणाचे ते ओळखू येत नाही, अशी गुरुजींची शिस्त. हे कौतुक आहे, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

स्मरणचित्र या शब्दाचा अर्थ तुम्ही कधी लावून पाहिलात का? स्वतः पाहिलेले आठवून काढायचे, ते स्मरणचित्र. तुमच्या वर्गात मात्र तुम्ही फळ्यावर काढलेले आठवायचे असे. विट्याच्या मुलांनी नदीचा घाट पाहायचा कुठे? आणि नारळ त्यांना ठाऊक, तो देवापुढे फोडलेला.

दुष्काळाच्या साली पाचवीत असलेली सुमन आठवते? तिची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. वार्षिक परीक्षेत मुलीने तेच काढले. मागे टीचभर डोंगर, पुढे त्याच्या दुप्पट आई, हातात हातोडा.

"डोंगरापेक्षा आई मोठी?" तुम्ही विचारलेत.

"डोंगर नुसता बसल्याला असतोय, गुरुजी. आय काम करती."

वर्ग हसला. तुम्हाला ते सोसले नाही. "पाणवठा काढायला सांगितला होता ना?"

"पर हिरीत पानीच न्हाई, गुरुजी."

"विहिरीत नसू दे. परीक्षेत आहे."

आणि तुम्ही खोडरबर घेऊन तिची आई खोडायला लागलात. कागद तिथेच फाटला. मी हजेरीपट घेऊन दारात उभी होते. तो टेबलावर ठेवला आणि मुकाट्याने निघून गेले. त्या दिवशीच्या माझ्या गप्प बसण्याचीही मला किळस वाटते.

निदान आता समजावून सांगते, कारण हे सांगण्यात मला मनापासून आनंद वाटतो. मूल अंतर मोजून आकार ठरवत नाही. ज्याला त्याच्या मनात जेवढी जागा, तेवढीच ते कागदावर देते. डोंगर रोज जागेवर असतो; आई मात्र संध्याकाळी किती दमून परतेल, ही सुमनची काळजी. म्हणून आई मोठी. केवढा स्वच्छ विचार आहे हा! आणि तुम्ही त्या मुलीला प्रमाणबद्धता शिकवायला निघालात.

पुढच्या वर्षी मी तिला कोरा कागद दिला. ती म्हणाली, "बाई, आदी फळ्यावर काडून दावा की." एका रबराने केवढे काम केले, पाहिलेत?

पण नमुना मागणारी ती एकटीच नव्हती. आपली आई गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. मी म्हणाले, अण्णा, तुम्ही काढा. तासभर कोऱ्या कागदापुढे बसून तुम्ही विचारलेत, "समोर ठेवायला काही नमुना नाही का?" जन्मभर तिच्या हातचे जेवलात, आणि तिच्या हनुवटीवरचे गोंदण डावीकडे होते की उजवीकडे, हे तुम्हाला मला विचारावे लागले. मी सांगितले, तरीही कागद कोराच राहिला. स्मरणचित्राचे मास्तर!

लहानपणी तुमचेही काही कोणी खोडले होते का? असेल. त्याने माझा तिरस्कार थोडा हलका होतो, संपत नाही.

सुमन आता नववीत आहे. सोमवारी शाळा सुटल्यावर तिला माझ्या वर्गात बोलावले आहे. ती नमुना मागेल आणि मी देणार नाही; महिना लागो की वर्ष. आणि पाचवीला पहिला विषय ठरवला आहे, 'आपले चित्रकलेचे गुरुजी'. अण्णा, शब्द देते, कोणी तुमचे नाक हातभर लांब काढले, तरी मी ते दुरुस्त करणार नाही.

तुमची धाकटी बहीण,
शांता