अर्ध्या विहिरीची नक्कल

मु. उंद्री, पौष महिना

धाकटी बहीण चि. सौ. कौशल्येस मंजुळाअक्काचा पोटभर आशीर्वाद. नांदुऱ्याले तुम्ही सारे बरे असाल. जवाईबुवांचा खोकला गेला का? (अडुळसा दे, डाक्तरले पैसे देऊ नको.) मी बरी आहे, गुडघे आपल्या मर्जीनं चालतात. पत्र माझ्या हातचं आहे. बायांच्या शाळेत म्हातारपणी शिकली, काना-मात्रा सांभाळून घे.

बाई, आज मी लय खूश आहे. विहीर अर्धी आपली असल्याची सरकारी नक्कल हाती आली! घरधनी गेले अन् दिरानं, अर्जुनरावानं, माझी पाण्याची पाळीच बंद केली, हे तुले ठाऊकच आहे. म्हणे, "वहिनी, विहीर माझी एकट्याची. कागद असंल तर दाखवा." कागद तालुक्याच्या कचेरीत, अन् त्याचं तोंड पाहायलेही फी. (सूनमुख पाहायले सासू एकदाच सोन्याचा डाग देते, इथं दर खेपेले द्या.) "बाईमाणूस एकटी कचेरीत कशी जाईल" म्हणत अर्जुनरावच संगं आला. मीही खुळी, भिडेनं त्याले नेलं.

कचेरीबाहेर बद्रुद्दीनभाई अर्ज लिहितात. त्यांनी मालकाचं नाव विचारलं. आता नवऱ्याचं नाव मी कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही सासूनं सजवून दिलेलं. अर्जुनराव झटकन म्हणे, "लिहा, भगवंतराव." गाव त्यांले तेच म्हणे. पण कागदावर ते नाव नाही, हे मले ठाऊक होतं, अन् त्यालेही. आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून नजर लागू नये असं नाव सासूनं पाळण्यात ठेवलं होतं, तेच सरकारात चढलेलं. ओठापर्यंत आलं, पण मी पदर दातात धरला अन् फी भरली.

महिन्यानं उत्तर आलं, या नावाची नोंद नाही. फी परत मागितली तर कारकून म्हणे, "आजी, फी शोधण्याची असते, सापडण्याची नाही." (देवळातही तसंच, पण तिथं प्रसाद तरी देतात.)

इकडे कांदा मान टाकून राह्यला. मग मी एकटीच मोटारीत बसली अन् पुन्हा बद्रुद्दीनभाईपुढं गेली. नाव हळूच सांगितलं, तर नेमकी बाजूची मोटार घरघरली. "मोठ्यानं बोला बाई!" कौशल्ये, मी पार ओरडली, "कडूबा!" आवारातले दोन म्हातारे "काय जी?" म्हणत उठले. लाजेनं मेली मी, पण जीभ झडली नाही. हे बघ, इथं लिहिलंही. त्या माणसासंगं जन्म काढला, हाक मारली ती मेल्यावर, अन् तीही फी भरून.

त्या नावावर नोंद निघाली. अर्जुनरावानं नक्कल उलटीपालटी करून पाहिली अन् म्हणे, "एवढा खर्च कायले केला वहिनी? मले विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं." पाणी सुटलं.

तुझी अक्का,
मंजुळा

ता. क. विहीर अर्धी माझी, हे सरकारनं कबूल केलं. कांद्याले कोणी कळवलं नाही, तो पार वाळला. पत्र खरं त्याच्यासाठीच लिहिलं. तुमच्या वाफ्यात रोप उरलं असंल तर जवाईबुवांच्या हाती धाड, पाणी वाट पाहून राह्यलं.

आणखी ता. क. जवाईबुवांचं सरकारी कागदावर कोणतं नाव आहे, ते आजच त्यांले विचार अन् दोन-चारदा म्हणून ठेव. माणूस समोर बसला आहे तोवर फी लागत नाही.