न्हाणीघराची कडी

आईने न्हाणीघराच्या दाराशी ओले कपडे पिळत बसावे आणि मी आत पालथ्या बादलीवर बसून वाचावे, हे दादा, तुला आठवत असेलच; रोज दार बडवणारा तूच होतास. मी, औषधांच्या दुकानाची मालकीण, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र त्या आठवणीपासून सुरू करते, कारण पुढची वाटणी तिच्यातूनच आली आहे.

आपल्या घरात आतून कडी लागणारी दारे दोनच: तुझ्या अभ्यासाच्या खोलीचे आणि न्हाणीघराचे; संडासही त्यातच. तुला अभ्यासातून उठवायचे नाही, हा बाबांचा हुकूम. मला कोणीही, कशालाही हाक मारावी. मग आईने उपाय काढला.

"पोरीचं पोट बिघडलंय."

"पुन्हा?" बाबा विचारायचे.

"नाजूकच आहे हो ते."

खोटे टिकावे म्हणून मी डॉक्टरांचे कडू औषध वर्षानुवर्षे गिळले. आईची शाळा लहानपणीच सुटलेली. ती दाराला कान लावून म्हणायची, "जरा मोठ्यानं वाच गं, मलापण कळू दे." माझ्या मिशनरी सिस्टरांच्या शाळेतले इंग्रजी धडेसुद्धा तिने असेच ऐकले, अक्षर न कळता.

पुढे स्थळ आले. मुलाच्या आईने शेजारच्या काकूंकडे चौकशी केली. काकू भाबडेपणाने म्हणाल्या, "मुलगी गुणाची, पण अर्धा दिवस न्हाणीघरातच असते बिचारी." ते स्थळ गेले, मागून आलेलीही गेली. बाबांनी कपाळाला हात लावला. "शिकू दे आता. पोटापाण्याचं तरी बघेल." आई तोंड फिरवून हसली.

मी औषधांचेच शिक्षण घेतले. दुकान टाकले, त्यावर घर बांधले. त्याच डॉक्टरांना म्हातारपणी औषधे माझ्याच दुकानातून जात. कडू होती.

परवा तू म्हणालास, "पोरगी परक्या घरी जायची. तिचं शिक्षण पुरे, दुकान पोराच्या नावावर कर." तुझे ऐकून घेतले. आता माझे ऐक.

दुकान, घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे तुझ्या लेकीला. तिने लग्न केले, न केले, तरी तिलाच.

भाच्यावर माझा राग नाही. स्वयंपाकाची सगळी भांडी त्याला. हुशार आहे, शिकेल.

जुने घर पाडताना मी न्हाणीघराची कडी काढून आणली होती. ती आज सुताराकडून वरच्या खोलीला आतून बसवून घेतली. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहायला नको. कॉलेजची फी भरली आहे, भाची उद्यापासून तिथे राहायला येते.

बादली, दादा, तुला. दार बडवावेसे वाटले, तर ती पालथी घालून बाहेर बस आणि आत आवाज दे: "जरा मोठ्यानं वाच गं."

साक्षीदार:
शेजारच्या काकू (अंगठा नव्हे, सही. आईबरोबर माझ्याकडेच शिकल्या.)
कडी बसवणारा सुतार (सही)

लिहून देणार: तुझी नाजूक पोटाची बहीण (सही)
ठिकाण: दुकानावरची खोली, कडी लावून
दिनांक: भाचीला कॉलेजात प्रवेश मिळाला तो दिवस