निळ्या कड्याची बटेर

अमरावती
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय पिंकी,
जय भीम.

"एकाच घरच्या दोघी आपण. तुले बाहेर राहून शिकाले जमलं, मंग मले काहून नाई?" सुट्टीत तू विचारलंस आणि मी तुझ्याकडे न बघता भांडी विसळत राहिले. एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतल्यापासून मीही तेच शोधते आहे.

तू फोन उचलत नाहीस. म्हणून इथं कामाला आलेल्या सुगतदादाच्या हाती हे पत्र देते आहे, तो दुपारच्या एसटीने आपल्या हिवरखेडला निघेल. आईचा गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या बटेर पक्षी आहेत. सगळ्या माद्या, एकाच वेळी उबवलेल्या, एकच दाणा खाणाऱ्या. एकेकीला लाकडी खोबणीत उताणी ठेवायची, छातीवर हलका हात ठेवून तो काढून घ्यायचा आणि ती कधी उठते ते बघायचं. काही जणी हात काढताच फडफडत उठतात. पायात निळं कडं असलेली एक मात्र पडूनच राहते. पिंजरे सांभाळणारे देवीदासभाऊ म्हणाले, "हे सरकारी नोकरीतली दिसते मॅडम. टेबलावर ठेवली का झोपली!"

सगळे हसले, मीही. मग वाकून पाहिलं. डोळे टक्क उघडे होते. छाती इतकी धडधडत होती की पिसं हलत होती.

आमच्या वर्षाली मॅडम म्हणतात, भीतीपुढे प्रत्येकीचा मेंदू वेगळा वागतो, त्यात आळस नाही की नाटक नाही. लाल कड्याची एक आहे, सगळ्यात धीट म्हणून आमची लाडकी. तिला एकटीला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं, तर दाणा सोडून दिवसभर ओरडत राहिली. निळी एकटी ठेवली तरी गुपचूप जेवली. आता धीट कोणाला म्हणायचं? मलाही खोलीत एकटीला बसवत नाही, पिंकी. धुतलेले कपडे पुन्हा धुते.

बघ, अजून मूळ गोष्ट लिहीतच नाही आहे.

मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. "घरातली पहिली ग्रॅज्युएट तू. तुह्यं ऐकते ते. समजव तिले, सोमवारी परत अकोल्याले क्लासवर सोडून देतो." मी हो म्हणाले. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. 'हिंमत धर' लिहिलं आणि कागद फाडला. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडला. दर वेळी तुझं अकोल्याचं हॉस्टेल आठवत होतं. भिंतीकडे तोंड करून तू कॉटवर पडलेली, आणि तुझी रूममेट सांगत होती, "दिवसभर झोपूनच राह्यते ताई." मी तुझ्यावरून वाकून पाहिलं होतं. तू झोपलेली नव्हतीस.

काल मी अकोल्याला गेले. वॉर्डनबाई म्हणाल्या, "आधी वडिलांना विचारा." त्यांच्यासमोरच फोन लावला.

"बाबा, पिंकी इथं परत येणार नाई. मी तिचं सामान घेऊन चालली."

पलीकडे बाबांनी पंखा बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "मंग गादीबी घेजो."

पेटी, पुस्तकं, गादी, सगळं माझ्या खोलीत आलंय. खिडकीची बाजू तुझी ठेवली आहे. यावंसं वाटेल तेव्हा ये, नाही वाटलं तर आईजवळ राहा. अकोल्यात मात्र तुझं आता काहीच उरलेलं नाही.

तुझ्या गादीवर बसून लिहिणारी,
नीलमताई