आईची चार हजार उत्तरं

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या खटपट्या भाच्याचा वाकून, आणि या खेपेला कानही धरून, नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का? ताईकडचा मुक्काम चांगला झाला असेलच. इकडे आम्ही मजेत आहोत. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. आता तिला घरातली धूळ इतकी स्पष्ट दिसते की बाबा आणि मी दिवसभर फडकी घेऊन फिरतो. (हे तू विचारलं नाहीस आणि विचारणारही नाहीस, मला ठाऊक आहे. चार वर्षं तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही. पण भाच्याने लिहिलेलं वाचणं म्हणजे बहिणीची चौकशी करणं नव्हे, तेव्हा निर्धास्त वाच.) आता हे पत्र कागदावर कशासाठी? तर काकांनी फोनवर सांगितलं की तू ई-मेलची पेटी पुन्हा उघडायची नाही असं ठरवलंयस, आणि रविवारी सूनबाई आली की तिच्याकडून आतलं सगळं पुसून घेणार आहेस. तुझा राग रास्त आहे. अबोला धरलेल्या बहिणीच्या नावाने एका दुपारी चार हजार पत्रं आली तर कोणाचंही डोकं फिरेल. पण यात आईचा काडीचा दोष नाही. दोष माझा, आणि थोडाफार दातांच्या डॉक्टरांचा.

पहिल्यापासून सांगतो. आमचा धंदा तुला माहीत आहे. दुकानदार, डॉक्टर, वकील अशांची ई-मेल आम्ही आमच्या सर्व्हरवर सांभाळतो. (तू लोकांना "तो कॉम्प्युटरचं काहीतरी करतो" असं सांगतेस, तेही चुकीचं नाही.) एक मोठी इमारत आहे असं समज. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं बिऱ्हाड, वेगळं कुलूप, आणि एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात पडता कामा नये. आमचं जुनं सॉफ्टवेअर मुळात एका कुटुंबासाठी बनवलेलं होतं, त्यात आम्ही पडदे लावून लावून बरीच बिऱ्हाडं बसवली होती. एक दिवस पडदा सरकला. दातांच्या डॉक्टरांकडे येणारी पत्रं गाडी शिकवणाऱ्या मास्तरांकडे जाऊ लागली आणि मास्तरांची डॉक्टरांकडे. मास्तर स्वभावाने परोपकारी. दाढ काढायला निघालेल्या एका बाईंना त्यांनी उलट टपाली कळवलं की अजिबात घाबरू नका, पहिल्या दिवशी सगळ्यांचेच पाय लटपटतात, मी शेजारीच बसेन आणि एक ब्रेक माझ्या पायाखाली असेल. बाईंनी दाढ ठेवायचं ठरवलं. तिकडे डॉक्टरांनी गाडी शिकू पाहणाऱ्या एका आजोबांना उपाशीपोटी बोलावलं, आणि ते आलेही. खुर्चीत आडवं केल्यावर आजोबांनी विचारलं, की स्टिअरिंग कुठे आहे. त्याच संध्याकाळी डॉक्टर आमचे दोन जिने चढून आले आणि "आ करा" म्हणतात त्याच आवाजात म्हणाले, "महिनाअखेर नवं काहीतरी बसवा. नाहीतर मी चाललो."

आता नवं कोणतं? इथे माझी आणि माझ्या भागीदाराची जुंपली. (तिला तू ओळखतेस. ताईच्या लग्नात जिने खुर्च्या मोजल्या होत्या, तीच.) तिला हवं होतं एक जुनं, खडूस सॉफ्टवेअर. त्याचे दहा तुकडे. एक फक्त पत्र घेतो, दुसरा फक्त तपासतो, तिसरा फक्त पोचवतो, आणि कोणाचा कोणावर विश्वास नाही. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत, काही विचारलं तर ते माहितीपुस्तिकेकडे बोट दाखवतं. मला हवं होतं दुसरं, गोजिरवाणं. एका खोक्यात सगळं, निळी बटणं, आणि दर सकाळी "आजचा दिवस छान जावो" म्हणणारं. आठवडाभर आम्ही भांडलो. खालचा सायकल दुरुस्तीवाला वर येऊन सांगून गेला की वाटल्यास दोन्ही घ्या, पण हळू बोला, मला पंक्चर ऐकू येत नाही. शेवटी ठरलं की दोन्ही बसवून बघायची. पण गिऱ्हाइकांवर प्रयोग कसे करणार? म्हणून नातेवाइकांवर केले. बाबांची एक नावापुरती कंपनी, आईची एक, तुझी एक. तुला मी "नवी पेटी देतो, जुनीपेक्षा चांगली" म्हणालो होतो ना, ती हीच. तू एका बिनधंद्याच्या कंपनीची मालकीण होतीस, हे तुला सांगायचं राहून गेलं.

त्यात तू ताईकडे निघालीस आणि आईचं ऑपरेशन ठरलं. मला वाटलं, बरी संधी आहे, माणूस नसताना आपोआप उत्तर जातं का ते बघू. खडूस सॉफ्टवेअरमध्ये ती सोय होती, पण पुस्तिकेची बावीस पानं वाचल्याशिवाय ती सापडत नव्हती. मग मी आपली अक्कल चालवली आणि गोजिरवाण्यात स्वतःच एक जुगाड लिहिला. तुझ्या पेटीतून जाणार होतं: "आठवण काढल्याबद्दल फार बरं वाटलं. परत आले की नक्की बोलू." आणि आईच्या पेटीतून: "तुझं पत्र मिळालं, खूप आनंद झाला. सवडीने सविस्तर लिहिते." मग आईच्या पेटीतून तुझ्या पेटीला "चाचणी" एवढा एकच शब्द पाठवला आणि जेवायला गेलो. भागीदार जिन्यातून ओरडून विचारत होती, की उत्तराला उत्तर जाणार नाही ना, हे पाहिलंस का. मी म्हटलं, पाहिलं. (मी जेवणाचा डबा पाहिला होता.)

परत येतो तो पंखा घरघरतोय, सर्व्हर तापलाय आणि गोजिरवाणं "आजचा दिवस छान जावो" म्हणत गोठलंय. तुला फार बरं वाटत होतं, त्याचा आईला खूप आनंद होत होता, त्यामुळे तुला आणखी बरं वाटत होतं. चार वर्षं ज्या बहिणींनी एकमेकींना "कशी आहेस" म्हटलं नाही, त्यांनी एका जेवणाच्या सुट्टीत सगळी थकबाकी फेडली. बसमध्ये तुझ्या पर्समधला फोन दर पत्राला कसा किणकिणत होता आणि कंडक्टरने तुला कसं उतरवलं, ते काकांनी सांगितलं. त्याबद्दल मी खरोखर शरमिंदा आहे. (हसलोही. पण नंतर.)

आणि हे सगळं कशावरून? एका घडीच्या खाटेवरून! आई म्हणते, तू खाट दिलीस तेव्हाच तिचा एक पाय लुळा होता. तू म्हणतेस, आईने तो लुळा करून परत पाठवला. मावशी, मला तुमच्या दोघींच्या मधे बसून पत्ते खेळायचे आहेत. तुम्ही दोघी मिळून मला फसवायचात, त्याची मला फार आठवण येते.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आईने पहिल्यांदा काय उघडलं असेल तर ती पेटी. मी घाईघाईने सांगितलं की हे मशीनने केलंय, मावशीने यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. ती वाचतच राहिली. सगळी पत्रं सारखीच आहेत म्हटलं, तरी खाली खाली जात राहिली. मग म्हणाली, "एवढ्या वेळा म्हणतेय, म्हणजे काहीतरी असेलच की." मी कबूल केलं की ती वाक्यं माझी आहेत. तर म्हणाली, "मग घरात कोणीतरी शहाणं निघालं म्हणायचं."

काकांना नमस्कार. राग माझ्यावर काढ, पेटीवर काढू नकोस.

तुझा,
खटपट्या

ता. क. : निवड झाली. खडूसच घेतलं. ते एका माणसाला एकदाच उत्तर देतं आणि दुसऱ्या मशीनच्या नादी लागत नाही. डॉक्टर खूश आहेत. आजोबा गाडी शिकले, आणि दातही डॉक्टरांनाच दाखवतात.

ता. क. २ : यात प्रत्येकाची पेटी इतकी बंदिस्त आहे की मलाही आत डोकावता येत नाही. किल्ली भागीदाराकडे आहे, आणि तिचा माझ्यावर विश्वास नाही.

ता. क. ३ : खरं सांगायचं ते हे. आपोआप जाणारी उत्तरं मी त्याच दुपारी बंद केली. पण काल आई माझ्या खुर्चीत बसली आणि एका बोटाने काहीतरी लिहून पाठवूनच उठली. तुझ्या पेटीत त्या चार हजारांच्या अगदी वर ते आहे. तेव्हा रविवारी सूनबाईचा हात धर. आत काय आहे ते मला माहीत नाही. विषयाच्या जागी काय लिहायचं असतं, एवढंच तिने मला विचारलं. मी म्हटलं, ज्याबद्दल लिहितेयस ते. तिने लिहिलं, "खाट". मग डोळे पुसले (ऑपरेशनचं पाणी, असं तिचं म्हणणं) आणि मला खोलीबाहेर घालवलं. मी दाराला कान लावून उभा होतो. ती एकटीच हसत होती.