डावा तळहात

सोलापूर,
४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप अप्पांस,
शिवलीलाचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. वि. वि.

अव्वाने दिलेली शेंगाचटणी खोलीतल्या मैत्रिणींनीच संपवली. मला डबा धुण्याचे काम उरले.

फोनवर माझे शब्द अडतात आणि हल्ली तुमचा आवाजही फार हलका येतो, म्हणून लिहिते. शनिवारी शरीररचनेच्या तोंडी परीक्षेचे बक्षीस घेताना मी पहिल्या रांगेत तुमच्याकडेच पाहत होते. सारे टाळ्या वाजवत होते. तुम्ही शाल लपेटून बसला होता; चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. आभाराचे इंग्रजी मला दोन वाक्यांपुढे जमले नाही, हे खरे. सरांशी तुमची ओळख करून द्यायला खाली आले, तोवर तुमची खुर्ची रिकामी होती. माझी इतकी लाज वाटली का, अप्पा? तसे असल्यास स्पष्ट लिहावे.

लोभ उणा झाला नसेल, एवढ्या आशेवर
आपली शिवलीला

दुधनी,
८ ऑगस्ट

चि. शिवलीलास रुद्रप्पाचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अव्वा लई चिडली. म्हणाली, माझ्या पोरीला बघून हसायचं न्हाय तर तितं गेलातच कशाला.

तुझी लाज न्हाय ग. लाज माझ्या हाताची. डावा हात कापतोय. शालीखाली त्यालाच दाबून धरला हुता, टाळ्या कशानं वाजवू? तुझ्या सरांना वाटलं असतं, पोरगी पहिली आली आन बाप पिऊन आला. बाजारात अडतीवर माझ्यामागं तसंच बोलत्यात.

खरं दुखणं येगळंच हाय. पूजेला गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं की हात लई कापतो, वाहिलेला बेल खाली पडतो. दीक्षा झाल्यापासनं असं कधी झालं न्हाय. शिवालाच माझा हात नकोसा झालाय. मठात सगळ्यांसंगं बसायचं सोडलं, दार लावून पूजा करतो. श्रावण संपला की गळ्यातलं लिंग मठातल्या स्वामींच्या पायाशी ठेवून पूजाच सोडावी म्हणतोय. अव्वाला यातलं काही ठाऊक न्हाय. तूही बोलू नको.

जिवाला जप.
अप्पा

सोलापूर,
१२ ऑगस्ट

तीर्थरूप अप्पांस,
शिवलीलाचा नमस्कार, मान खाली घालून.

ज्या प्रश्नाने मला बक्षीस मिळवून दिले, तो ऐकावा. सरांनी मेंदूचा एक काप हातात देऊन त्यातली काळी रेघ दाखवायला सांगितली आणि ती फिकी पडली की माणसाचे काय होते, हे विचारले. मी पाठ म्हटले: कंपवात होतो; चेहरा हसेनासा होतो, आवाज बसतो, हात स्वस्थ असताना कापतो आणि कामाला लागला की थांबतो. मला पूर्ण गुण मिळाले. अप्पा, त्यातले प्रत्येक लक्षण पहिल्या रांगेत बसले होते आणि मी त्याला राग समजले. ते प्रशस्तिपत्र आता भिंतीवर पाहवत नाही.

ती काळी रेघ मेंदूत खोलवर असलेल्या, हालचाल सांभाळणाऱ्या कॉडेट आणि पुटामेन या गाठींना एक रस पुरवते. तो आटला की स्वस्थ ठेवलेला हात स्वस्थ राहत नाही. पूजेत उजवा हात बेल वाहतो, डाव्याला मात्र नुसते स्थिर राहायचे असते. म्हणून कापतो तो डावाच. यात श्रद्धेचा दोष कुठे आहे?

मी अजून डॉक्टर नाही. निदान तज्ज्ञच करतील, आणि औषधे आहेत. श्रावण संपल्यावरच्या मंगळवारी, २६ तारखेला, आमच्या रुग्णालयात यावे. तिथे सर असतील, माझा सारा वर्ग असेल. हे माझे वडील, असे मी सर्वांना मराठीतच सांगेन. तोवर लिंग कोणाच्याही पायाशी ठेवू नये. अव्वाला सांगावे आणि पूजेत तुमच्या हाताखाली तिचा हात घ्यावा.

क्षमा आणि माया, दोन्ही मागणारी
शिवलीला

दुधनी,
१६ ऑगस्ट

चि. शिवलीलास आशीर्वाद.

अव्वाला सांगितलं. आधी रडली, मग म्हणाली, म्हंजे इतके दिस मी उगाच भांडत हुते की. आज दार उघडं ठेवून पूजा केली. तिनं खालनं हात धरला. बेल पडला न्हाय.

बक्षीस घ्यायला तू वर गेलीस तवा मी हसत हुतो, पोरी. चेहऱ्यावर आलं न्हाय एवढंच. ते प्रशस्तिपत्र काढू नको.

२६ला सकाळच्या गाडीनं येतो. अव्वापण येती हाय. शाल घरीच ठेवून येतो.

तुझा
अप्पा